लाल रानपॉपी उकरलेल्या जमिनीतच अचानक इतकी कशी उगवते?

कोणी पेरत नाही, बी तिथे आधीपासूनच असतं. रानपॉपी (शास्त्रीय नाव पापाव्हर ऱ्होइआस) एकाच हंगामाची सोबतीण. फुलते, बी टाकते, मरते. वाऱ्याने बोंड हललं की वरच्या बारीक छिद्रांतून शेकडो बिया आसपास सांडतात. मातीत खोल गाडलेली बी कित्येक दशकं जिवंत राहू शकते. जमीन उलथली की ती वर येते, उजेड मिळतो आणि रुजते. दाट गवतात मात्र तिचा निभाव लागत नाही. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांनी उखडलेल्या, बेल्जियममधल्या फ्लँडर्स भागाच्या मातीत ती माजली, ती यामुळेच. आणि हो, ही अफूची झाडं नव्हेत; अफू मिळते ती पापाव्हर सोम्निफेरम या जातीपासून.