दुपारची लाट

पोरा,

तुझा निरोप रात्री पावणेबाराला आला. सोबत चौदा फोटो, सगळे तुझ्या पट्ट्याच्या करवतीवर, म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या लांब पात्याच्या मशीनवर, कापलेल्या फळ्यांचे. प्रत्येक फळीवर तीच लाट, कट सरळ न जाता वरखाली झालेला. आणि खाली एक ओळ: "काका, सगळं बदलून पाहिलं, आता मशीनच विकतो."

मशीन विकण्याचं मला काही वाटलं नाही. ते मी स्वतः तीनदा म्हटलंय, आणि एकदा तर गिऱ्हाईक बघायलाही आलं होतं. माझी झोप उडवली ती "सगळं बदलून पाहिलं" या शब्दांनी.

तू काय काय केलंस ते मी कागदावर उतरवून काढलं. नवं पातं चढवलंस. टेन्शन, म्हणजे पात्याचा ताण, वाढवलंस. पात्याला वाटेवर धरणारे दोन्ही गाइड रोलर जरा खाली घेतलेस. मोटरचा पट्टा आवळलास. पाण्याची तोटी जास्त सोडलीस. वर ओंडक्यावरून करवत ढकलणाऱ्या त्या मुलाला दम भरलास की घाई करू नकोस. हे सगळं एका संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी सकाळी कट सुतासारखा सरळ, तू खूश. दुपारी पुन्हा लाट. आता मला सांग, सकाळी कट सरळ आला तो कशामुळे? तुला सांगता येणार नाही. मलाही नाही. सहा गोष्टी एकदम हलवून तू पुरावाच पुसून टाकलास.

एका वेळी एकच गोष्ट बदल. हे तू माझ्याकडून आधीही ऐकलं आहेस, मान डोलावली आहेस, आणि केलेलं नाहीस. म्हणून आज लिहून देतो.

तुझ्या निरोपात एक वाक्य तू असंच जाता जाता टाकलं आहेस: "सकाळी नीट चालतं, दुपारी बिघडतं." चौदा फोटोंपेक्षा त्या वाक्याला वजन जास्त आहे. तुझ्या मशीनला स्क्रूचं टेन्शन आहे, म्हणजे स्क्रू आवळून पातं ताणायचं. पातं साधारण चार मीटर लांब. पोलाद एक अंश तापलं की मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन वाढतं. ऊन आणि घर्षण मिळून पातं सकाळपेक्षा ३० अंशांनी जास्त तापलं, तर चार मीटरमागे जवळजवळ दीड मिलिमीटरची वाढ होते. स्क्रू आपल्या जागी, चाकं आपल्या जागी, पातं मात्र लांबलेलं. म्हणजे ताण गेला, आणि सैल पातं गाठ आली की वाट सोडतं.

वाचून तुला वाटेल, सापडलं! थांब. धार बोथट झाली तरी हेच होतं. सकाळी तू ताजं पातं चढवतोस आणि दुपारपर्यंत तेच चालवतोस. दीड-दोन तास सलग कापल्यावर पातं उतरवून विश्रांतीला टांगावं, हे तुला माहीत आहे, पण ऑर्डर असली की आपण सगळेच विसरतो. पाण्याची टाकी दुपारपर्यंत रिकामी झाली तरी हेच होतं, कारण दातांच्या मुळाशी चीक बसतो आणि पातं कोरडं घासतं. रोलरचं बेअरिंग तापल्यावर ढिलं पडत असेल तरी हेच. आणि गाठाळ ओंडके तू दुपारसाठी मागे ठेवत असशील, तर बिघाड मशीनमध्ये नाहीच. पाच संशयित, पाचही दुपारीच घरात शिरणारे. त्यातल्या चौघांवर तू एकाच संध्याकाळी हात टाकलास, पाचव्याकडे बघितलंही नाहीस, आणि रोग रेड्याला, औषध पखालीला अशी गत झाली.

उद्या दुपारी लाट आली की मशीन बंद कर आणि काहीही उतरवू नकोस. टाकीत पाणी आहे का ते डोळ्यांनी बघ. मग तेच पातं, तोच ओंडका, तोच मुलगा ठेवून फक्त टेन्शन सकाळच्या आकड्यावर आण. दोन फळ्या काप. सरळ आल्या तर ताणच जात होता. लाट राहिली तर टेन्शनला हात लावू नकोस, आता फक्त पातं बदल, पुन्हा दोन फळ्या. काम संपलं की टेन्शन मात्र आठवणीने सैल कर. तापलेलं पातं ताणलेल्या अवस्थेत रात्रभर थंड झालं, तर आखडून स्वतःवर आणि चाकांवर जास्तीचा भार घेतं.

आता जे कोणी करत नाही ते सांगतो. नव्या पात्याने फळी सरळ आली, की जुनं पातं परत चढव. हो, परत. त्याला तडा नसेल तर. लाट परत आली तर तुझं निदान पक्कं. नाही आली तर तू पातं बदलताना नकळत आणखी काहीतरी बदललं होतंस. रोलर पुसला असशील, पात्याची पाठ रोलरच्या कडेपासून जराशी सरकली असेल. या परत चढवण्यात पाऊण तास जातो म्हणून सगळे टाळतात. मीही टाळलं. त्याची गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय माझा हट्ट तुला समजणार नाही.

माझ्याकडे एक माणूस होता, नऊ वर्षं. ओंडका नुसता थापटून सांगायचा आत पोकळ आहे की नाही. एका मोसमात माझ्या फळ्यांना अशीच लाट आली. तो दोनदा म्हणाला, "मालक, आवाज बदललाय." मी ऐकलं नाही. मला वाटत होतं तो जोरात ढकलतो. एका संध्याकाळी मी तुझ्यासारखंच सगळं खोललं, साफ केलं, गाइड रोलरच्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरलं, पातं बदललं, आणि सगळ्यांसमोर त्याला सांगितलं की उद्यापासून निम्म्या वेगाने ढकलायचं. दुसऱ्या दिवशी कट काचेसारखा. मी विजयी मुद्रेने त्याच्याकडे बघितलं. तो काही बोलला नाही. महिनाअखेरीस हिशेब घेऊन गेला.

अकरा आठवड्यांनी लाट परत आली. तेव्हा दुसरा माणूस ढकलत होता, हळू ढकलत होता. या वेळी मी एकेक करून बघितलं, कारण दम भरायला समोर कोणी उरलं नव्हतं. मशीन तापलेलं असतानाच बंद केलं, रोलर दोन बोटांत धरून हलवला. थंड असताना घट्ट बसणारा तो रोलर गरम झाल्यावर खुळखुळत होता. त्या संध्याकाळी भरलेल्या ग्रीसने तो ढिलेपणा काही आठवडे दडवून ठेवला होता, इतकंच. त्या जुन्या माणसाच्या ढकलण्यात काहीही चूक नव्हती.

तू म्हणशील, मग त्याच्याकडे गेलात का? नाही गेलो. त्या वेळी ऑर्डर डोक्यावर होती, दिवसभर उभं राहून पाय भरून आले होते, आणि मशीनच्या पुस्तकातही एका पानावर सगळी कारणं एकाखाली एक छापलेली असतात, माणूस यादी वरपासून खालपर्यंत करत जातो. तूही तेच केलंस की नाही? मग मला एकट्याला का बोल लावायचा? असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावलं. वहीत त्या तारखेपुढे लाल शाईने "चूक माझी" असं लिहिलंय. पण वही कपाटात आहे, आणि तो माणूस आता कुठे आहे मला ठाऊक नाही.

तेव्हापासून मी वही पाळतो आणि तूही पाळायची आहेस. प्रत्येक पात्याला नंबर, तो टांगायच्या खुंटीवर लिहायचा. किती तास चाललं, कितव्यांदा धार लावली, दात डावी-उजवीकडे किती फाकवले, टेन्शनचा सकाळचा आकडा आणि दुपारचा आकडा. आणि बदललेली गोष्ट एकच. एका ओळीत दोन बदल लिहावे लागले, तर तो दिवस वाया गेला असं समज.

फळी मोजताना डोळ्यावर विसंबू नकोस. व्हर्नियरने सहा जागी माप घे: सुरुवातीला, मध्ये, शेवटी, आणि तिन्ही ठिकाणी दोन्ही कडांना. एक कड सलग जाड आणि दुसरी सलग पातळ असेल तर पातं पलंगाला, म्हणजे ओंडका ठेवतोस त्या चौकटीला, समांतर नाही, रोलरचा किंवा करवतीच्या डोक्याचा कल बघ. कट हळूहळू एकाच अंगाला ओढला जात असेल तर त्या बाजूचे दात जास्त फाकलेत. टोकं आणि मध्य यांच्या जाडीत फरक, पण कट गुळगुळीत? मग ओंडक्याखाली वाकून बघ. एकाच बाजूने फळ्या काढत गेलास की लाकडातला ताण मोकळा होतो, ओंडका धनुष्यासारखा वाकून पलंगावरून उचलला जातो, आणि पातं सरळ जाऊनही फळी वेडीवाकडी येते. त्याला उपाय ओंडका उलटवून दोन्ही अंगांनी आळीपाळीने कापण्याचा. तुझ्या चौदा फोटोंपैकी तिसरा आणि नववा मला या जातीचे वाटतात. म्हणजे तुझ्याकडे दोन दुखणी आहेत आणि तू एकच समजून बसलास.

भुसाही बघ. फळीवर उरलेला भुसा हाताला गरम लागला आणि दाबून बसलेला असला तर दातांचा फाकवा कमी पडतोय. थंड, मोकळा आणि लाकडावर दातांचे ओरखडे, तर जास्त झालाय. आणि भुशावरून आठवलं, अकराव्या फोटोत तुझा अर्धा चेहरा आलाय, तोंडाला काही बांधलेलं नाही. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्यांच्या गटात. मास्क लाव. यावर चर्चा नको.

धीर सुटला तर हे आठव. पट्ट्याच्या करवतीचं पेटंट इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरीने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात घेतलं. चाकं होती, दाते होते, कल्पना पूर्ण होती. पण पात्याची दोन टोकं जिथे जोडायची तो सांधा टिकत नव्हता, आणि त्या एका सांध्यापायी यंत्र कित्येक वर्षं जवळपास पडून राहिलं. १८४६ मध्ये फ्रान्समधल्या ॲन पॉलिन क्रेपँ या बाईने सांधा जोडण्याची नवी रीत काढली आणि मग करवत खऱ्या अर्थाने चालू लागली. चाकं कोणीतरी नक्कीच बदलून पाहिली असणार. माझी पैज.

तुला राग आला असेल. येऊ दे. एवढ्या रात्री तू मला लिहिलंस याचा आनंदही झाला, तो तुला दिसला नसेल तर माझ्या लिहिण्यात खोट आहे. मी तुझ्या वयाचा असताना विचारायला माणूस होता, पण मी विचारलं नाही.

मला उद्या संध्याकाळपर्यंत फोन करू नकोस. आधी सहा मापं, मग टेन्शन, मग दोन फळ्या, मग वही. आणि त्या ढकलणाऱ्या मुलाला तू दम भरलास तो मागे घे, उद्या सकाळी, मशीन सुरू करायच्या आधी. त्याला नीट विचार, दुपारी आवाज कधी बदलतो. तो दिवसभर तुझ्यापेक्षा मशीनच्या जवळ उभा असतो.

तुझा,
काका