नास्तिक म्हणजे नेमकं काय ‘नाही’ म्हणणारा?

प्रश्न असा आला आहे: ‘आमचे आजोबा देवळात कधी गेले नाहीत. पोथीत लिहिलंय म्हणून काही खरं ठरत नाही, असं म्हणायचे. पण केलेलं कर्म भोगावंच लागतं, यावर त्यांचा पक्का विश्वास. त्यांना नास्तिक म्हणायचं का?’

आजच्या मराठीत नास्तिक म्हणजे देव न मानणारा. त्या अर्थानं आजोबा नास्तिकच. पण शब्दाच्या मुळाशी देव नाही. संस्कृत व्याकरणकार पाणिनीचं सूत्र आहे ‘अस्ति नास्ति दिष्टं मतिः’ (४.४.६०). ‘अस्ति’, म्हणजे ‘आहे’, अशी ज्याची मती तो आस्तिक. ‘नास्ति’ अशी मती तो नास्तिक. काय आहे नि काय नाही, ते सूत्र सांगतच नाही! काशिकावृत्ती या पाणिनीच्या सूत्रांवरच्या जुन्या टीकेनं ती जागा भरली ती ‘परलोक’ या शब्दानं. मेल्यावर काही उरतं, असं मानणारा तो आस्तिक. भोग पुढच्या जन्मातही चुकत नाहीत असं आजोबा मानत असतील, तर या कसोटीवर ते सरळ आस्तिक ठरतात.

मनुस्मृतीची कसोटी वेगळी: ‘नास्तिको वेदनिन्दकः’ (२.११). इथे प्रश्न ग्रंथाच्या प्रामाण्याचा आहे. म्हणून कर्मसिद्धान्त काटेकोरपणे मानणारे जैन आणि बौद्ध नास्तिकांत गेले, आणि जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे मीमांसक, म्हणजे वेदांतल्या यज्ञकर्मांचा अर्थ लावणारे विचारवंत, आस्तिकांत राहिले. मला यातला मीमांसकांचा विचार फार मोलाचा वाटतो. यज्ञ आज केला, फळ कितीतरी काळानं. मधल्या काळात ते कुठे असतं? त्यांनी ‘अपूर्व’ नावाची अदृश्य शक्ती मानली. कर्म स्वतःच फळतं, वाटप करणारा कुणी लागत नाही. वेदान्ताचा मूळ ग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांना हे पटलं नाही. ‘फलमत उपपत्तेः’ (३.२.३८), फळ ईश्वराकडूनच मिळतं, असं त्यांचं म्हणणं.

हा वाद आपल्या म्हणींतही आहे. ‘देवाच्या काठीला आवाज नसतो’ म्हणताना काठी धरणारा हात गृहीत असतो. ‘करावे तसे भरावे’ यात हात नाहीच. तुमचे आजोबा दुसरी म्हण वापरत असणार, असा माझा अंदाज.

तेव्हा लिहिताना त्यांना ‘निरीश्वरवादी’ म्हणा. तो शब्द नेमका आहे, आणि कर्मावरच्या त्यांच्या विश्वासाला धक्का लावत नाही.

पाणिनीच्या सूत्रातला ‘मतिः’ हा शब्दही महत्त्वाचा. मती म्हणजे इथे ठाम धारणा, मनात आलेली शंका नव्हे. माझा धाकटा भाऊ लहानपणीच गेला. तेव्हा आई म्हणाली होती, ‘एवढ्याशा पोरानं असं कोणतं कर्म केलं होतं?’ जमलेल्यांपैकी एकीनं तिला तिथल्या तिथे नास्तिक ठरवलं. आई त्यानंतरही रोज दिवा लावत राहिली आणि तो प्रश्नही विचारत राहिली. तिच्यासाठी पाणिनीच्या त्या सूत्रात शब्द नाही. ‘आहे’ही नाही नि ‘नाही’ही नाही, तिचं वाक्य प्रश्नार्थक होतं.