शाळेच्या पोषण आहारात आसपासच्या शेतकऱ्यांची भाजी आणि नाचणी आणायची आहे. अनुदान कुठून मिळेल?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: शहापूर तालुक्यातली जिल्हा परिषद शाळा, तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीवर. पोरांच्या ताटात आलटून पालटून तीच खिचडी, आणि शेजारच्या शिवारातली भेंडी-वांगी मात्र पहाटे टेम्पोत बसून कल्याणला नाहीतर वाशीच्या मार्केटला जातात. ती शाळेतच यावीत म्हणून अनुदान मिळेल का?

मिळतं. पण 'स्थानिक पौष्टिक आहार' अशा नावाची एकरकमी पैसे देणारी योजना शोधत बसलात तर शाळेचं वर्ष सरेल. मी ठाण्यातल्या एका छोट्या संस्थेसाठी जिल्हा परिषद शाळांचे असे प्रस्ताव लिहिते. त्या अनुभवावरून सांगते, पैसा कुठून आणायचा यापेक्षा तो कशासाठी मागायचा, इथेच बहुतेकांची गाडी अडते.

आधी हिशेब बघा. पीएम पोषण, म्हणजे शाळेतल्या जेवणाची केंद्र सरकारची योजना, तिच्या निकषाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ-कडधान्य, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल; सहावी ते आठवीला साधारण दीडपट. यातून लहान्यांना 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिनं, मोठ्यांना 700 उष्मांक आणि 20 ग्रॅम प्रथिनं मिळावीत ही अपेक्षा. तांदूळ केंद्राकडून फुकट येतो. बाकीच्या जिन्नसांसाठी आणि इंधनासाठी 1 मे 2025 पासूनचा दर आहे प्राथमिकला 6 रुपये 78 पैसे आणि उच्च प्राथमिकला 10 रुपये 17 पैसे, त्यात केंद्राचा वाटा 60 टक्के आणि राज्याचा 40. ग्रामीण भागात डाळ, तेल, मसाला ठेकेदारामार्फत शाळेत पोचतो. म्हणजे शाळेच्या हातात खरं तर भाजीपाला आणि इंधनाचाच खर्च उरतो, आणि तुमचा शेतकरी फक्त तिथूनच आत येऊ शकतो.

आता 60 पटाची शाळा धरा. माणशी 50 ग्रॅमने दिवसाला तीन किलो भाजी. तीन किलोसाठी कुठला शेतकरी रोज शाळेच्या दारात उभा राहील? तोही हिशेबाचा माणूस आहे. म्हणून एका शाळेचा प्रस्ताव करूच नका. केंद्रप्रमुखांना भेटा आणि तुमच्या शाळा केंद्रातल्या, म्हणजे त्यांच्या हाताखालच्या आसपासच्या शाळांपैकी, आठ-दहा शाळा एकत्र घ्या. 600 मुलं झाली की रोजची 30 किलो भाजी होते. एवढ्यासाठी दोन-तीन शेतकरी ठरवून वाफे लावतात, आणि मुलांना शाळेत सोडायला जाणारी रिक्षाच क्रेट टाकत पुढे जाते.

यानंतर येते खरी अडचण, जी कुठल्याच प्रस्तावात लिहिलेली नसते: उधारी. भाजीपाल्याचे पैसे शाळेच्या किंवा बचत गटाच्या खात्यावर कधी दोन, कधी तीन महिन्यांनी येतात. तोवर मुख्याध्यापक किंवा स्वयंपाक करणाऱ्या ताई खिशातून भागवतात, नाहीतर उधार देणाऱ्या किराणावाल्याकडून बटाटे आणतात. बटाटे का, तर तो थांबायला तयार असतो. शेतकरी थांबत नाही, त्याला भाजी उतरवल्या उतरवल्या पैसे हवेत. पोरांच्या ताटातला बटाटा बऱ्याचदा आवडीचा नसतो, उधारीचा असतो.

म्हणून माझं स्पष्ट मत: सगळ्यात आधी खेळतं भांडवल उभं करा. 30 किलो भाजी सरासरी 40 रुपयांनी धरली तर दिवसाला 1,200, शाळेच्या 25 दिवसांचे 30,000. सरकारी पैसे तीन महिने अडकले तरी लाखभर रुपयांत दहा शाळांची गाडी चालू राहते. आणि ही रक्कम संपत नाही, बिल जमा झालं की परत फिरते.

हे भांडवल कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने समाजकामावर करायच्या खर्चातून, मागू नका. जानेवारी 2021 पासून एखाद्या संस्थेच्या स्थायी निधीत टाकलेले पैसे सीएसआर खर्चात धरले जात नाहीत, आणि फिरता निधी दिसला की त्यांचा लेखापरीक्षक नाक मुरडतो. त्यासाठी तीन दारं ठोठावा. आहार शिजवणारा बचत गट 'उमेद'शी, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाशी, जोडलेला असेल तर त्याला फिरता निधी आणि पुढे समुदाय गुंतवणूक निधी मिळू शकतो. ग्रामसंघात, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघात, विषय काढा. दुसरं दार ठाणे-कल्याणकडचे रोटरीसारखे क्लब आणि खासगी धर्मादाय ट्रस्ट. तिसरं तुमची ग्रामपंचायत. शहापूर पेसात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्यात, येतं. त्यामुळे आदिवासी उपयोजनेतून पेसा गावांना थेट मिळणारा पाच टक्के अबंध (ठरावीक कामाला न बांधलेला) निधी तुमच्याकडे असेल. तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते, आणि आरोग्य-शिक्षण त्यात बसतं. खेळतं भांडवल बसवायला ग्रामसेवक कदाचित का-कू करेल. मग शाळांसाठी वजनकाटे, क्रेट, धान्याच्या कोठ्या, परसबागेचं कुंपण आणि पाणी तरी त्यातून करून घ्या.

सीएसआरकडे वेगळं मागायचं. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे 500 कोटींची नक्त मत्ता, 1000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा नफा असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के खर्च करावे लागतात. भूक-कुपोषण निर्मूलन आणि शिक्षण दोन्ही याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे सीएसआरमध्ये चालणाऱ्या कामांच्या यादीत, आहेत. कायदा स्थानिक भागाला प्राधान्य द्यायला सांगतो, त्यामुळे ठाणे-बेलापूर पट्टा, अंबरनाथ, डोंबिवली, मुरबाड एमआयडीसी इथल्या कंपन्यांकडे तुमचा हक्काने दावा आहे. संस्थेमार्फत पैसे घ्यायचे तर तिच्याकडे 12ए आणि 80जी (या दोन्ही आयकर खात्याकडच्या) आणि सीएसआर-1 (सीएसआरचे पैसे घेण्यासाठीची) नोंदणी हवी. शाळा समितीकडे हे नसतं, तेव्हा नोंदणी असलेली संस्था सोबत घ्या.

इथे सावध राहा. कंपन्यांना डोळ्यांना दिसेल अशी वस्तू आवडते. एका कंपनीकडे आम्ही मुलांच्या आहाराला पूरक कडधान्यं मागितली, तर शाळेत पाण्याचं मशीन आलं, वर मोठ्ठं नाव. मशीन वाईट नाही, पण त्याने कुणाचं हिमोग्लोबिन वाढत नाही. तरी ही आवड आपल्या कामाला जुंपता येते. गटाला नाचणी स्वच्छ करून दळायला छोटी चक्की, मोड आणायला मोठी जाळीची भांडी, प्रेशर कुकर, शेगडी असं मागा. रोजचा खर्च कमी करणारी वस्तू मागायची, एवढं धोरण ठेवा. प्रस्ताव एका वर्षाचा न करता चालू प्रकल्प म्हणून मांडा. सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं तो नेता येतो.

नाचणीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण प्रस्तावात ती सगळेच घालतात आणि ताटात ती फार कमी उतरते. 100 ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, पॉलिश तांदळापेक्षा कितीतरी पट. तुमच्या डोंगरउतारावर ती पिकतेच. पण साठ पोरांच्या भाकऱ्या थापायला ताईंना वेळ कुठला? त्याऐवजी पेज किंवा सत्त्व. आमच्या ओळखीच्या एक ताई पीठ आधी गार पाण्यात पातळ कालवतात, मग उकळत्या पाण्यात बारीक धारेने सोडत एका हाताने सतत ढवळतात. कोरडं पीठ थेट टाकलं की गुठळ्या होतात आणि पोरं वाटी तशीच नळाखाली नेतात. वरून गूळ आणि चिमूटभर मीठ. राज्याच्या पाककृतींत नाचणी सत्त्व आहे, मात्र जानेवारी 2025 च्या शासन निर्णयानंतर गोड पदार्थ ऐच्छिक झाले आणि साखरेचा खर्च लोकसहभागातून करायचा आहे. म्हणजे गूळ कुणाकडून तरी मागावा लागणार.

अंड्यांचंही तेच. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्याने आठवड्याला एक अंडं किंवा केळं सुरू केलं, 23 आठवडे, अंड्याला पाच रुपये. 2025 च्या निर्णयाने तोही निधी थांबला. इथे मोठ्या अनुदानाची गरजच नाही. 100 मुलं, सात रुपयांचं अंडं धरा, 23 आठवड्यांचे 16,100 रुपये. आपल्या ठाण्यातल्या दहीहंडी आणि गणेश मंडळांना एवढी रक्कम जड नाही. योजनेत स्नेहभोजनाची सोय आहेच, म्हणजे वाढदिवस किंवा सणाला कुणीही शाळेला जादा पदार्थ देऊ शकतो. अंड्याला काही दात्यांचा नकार असतो; त्यांच्याकडे शेंगदाणा-गुळाची चिक्की मागा, वाद घालू नका.

रानभाज्यांचा उत्साह मात्र आवरा. टाकळा, शेवग्याचा पाला खुशाल घाला. शेवळं नकोत. काकडं (आंबट रानफळं) घालून नीट शिजवली नाहीत तर घसा खवखवतो, आणि शंभर पोरांच्या पातेल्यात ही जोखीम कोण घेणार?

पावतीचा प्रश्न येणारच. शेतकऱ्याकडे बिलबुक नसतं आणि तपासणीला कच्ची चिठ्ठी चालत नाही. गटाच्या नावाने बिलबुक छापून घ्या. खरेदीला हातपावती करा: नाव, गाव, भाजी, वजन, दर, सही, आणि पैसे शक्यतो बँकेतून. गटाची अन्न सुरक्षा नोंदणी वर्षाला 100 रुपयांत होते, ती करून टाका. चव नोंदवहीत, म्हणजे जेवण चाखून पाहिल्याच्या वहीत, शिक्षक आणि पालकाची सही रोज पडली पाहिजे. उद्या काही झालं तर तीच वही पुढे येते.

वाचणाऱ्यांत ठाणे किंवा नवी मुंबई महापालिका शाळांचे पालक असतील, त्यांच्यासाठी एवढंच: जिथे जेवण केंद्रीय स्वयंपाकगृहातून येतं तिथे एकट्या शाळेला भाजी बदलता येत नाही. पूरक फळ किंवा चिक्कीपुरती शाळेत परवानगी मागा. भाजीचा विषय महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे, पुढच्या निविदेआधी न्या. शेतकरी उत्पादक कंपन्या आणि महिला बचत गटांना या योजनेत प्रोत्साहन द्यायचं हे केंद्राने 2021 मध्येच म्हटलं आहे, त्याचा हवाला द्या.

वेळेचं गणित असं की शाळा जूनमध्ये उघडते आणि कंपनीचं वर्ष एप्रिलला. प्रस्ताव डिसेंबर-जानेवारीत द्या. त्याआधी समितीचा ठराव, केंद्रातल्या सगळ्या शाळांचा पट, तालुक्याच्या पोषण आहार अधीक्षकांचं पत्र आणि दोन शेतकऱ्यांची लेखी संमती जमवा. ठरावाचा मसुदा हवा असेल तर खाली लिहा, आमच्याकडचा पाठवते.