ऐकू येते, पण शब्द कळत नाहीत

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. हळू बोलले तर त्यांना ऐकू येत नाही आणि आवाज चढवला की ‘ओरडतोस कशाला?’ म्हणून ते चिडतात. समोर बसून बोललेले बरेचसे समजते. परंतु लग्नकार्यात ते नुसते बसून राहतात. ‘ऐकू येते, पण शब्द कळत नाहीत,’ असे ते म्हणतात. हा दोष कानाचा की मेंदूचा? श्रवणयंत्र एकाच कानाला लावले तर चालेल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या वडिलांनी आपली अडचण अगदी नेमक्या शब्दांत सांगितली आहे आणि त्यांचे चिडणे हा स्वभावदोष नाही, हे घरातल्या सर्वांनी आधी लक्षात घ्यावे. उतारवयात अशा तक्रारीचे मूळ बहुधा आंतरकर्णात असते, मात्र तिचा भार मेंदूवर पडतो.

आंतरकर्णात गोगलगायीच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची, उलगडली तर सुमारे ३५ मिलिमीटर भरेल अशी नळी असते; तिला कॉक्लिया म्हणतात. तिच्यातील पडद्यावर निरनिराळ्या स्वरांच्या जागा ठरलेल्या असतात. तोंडाशी उंच स्वर, टोकाशी खर्ज. ध्वनीची लाट या पडद्यावरून कशी सरकते हे दाखवणारे गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पडद्यावरील केशपेशी, म्हणजे बारीक केसांसारखे तंतू असलेल्या पेशी, दोन प्रकारच्या असतात. आतील रांगेतल्या सुमारे ३,५०० पेशी मेंदूकडे संदेश पाठवतात, तर बाहेरील रांगांमधल्या सुमारे १२,००० पेशी स्वतः आखडून-प्रसरून क्षीण ध्वनीचे बळ वाढवतात. वयोमानाने बाहेरील पेशी आधी झिजतात, त्याही नळीच्या तोंडाकडील, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

यातूनच दोन्ही तक्रारी उद्भवतात. बाहेरील पेशी उणावल्या की क्षीण आवाज पोहोचत नाही, पण मोठा आवाज आतील पेशींना थेट हलवतो आणि तो पूर्वीइतकाच मोठा लागतो. त्यामुळे ‘ऐकू येत नाही’ आणि ‘ओरडू नको’ यांतले अंतर फार थोडे उरते. दुसरे असे की, बोलण्यातील अ, आ यांसारख्या स्वरांचे बळ खालच्या पट्टीत असते, तर स, श, फ यांसारखी व्यंजने उंच पट्टीतली आणि क्षीण असतात. साहजिकच ‘साठ’ म्हटले तर ‘आठ’ ऐकू येते, आणि ओरडल्याने मुख्यतः स्वरच मोठे होतात, हरवलेला ‘स’ परत येत नाही.

श्रवणचेतेच्या, म्हणजे कानातून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जेच्या, सुमारे ३०,००० तंतूंमधून हा अपुरा मजकूर मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभात जातो आणि तेथून मध्यमस्तिष्क व थॅलॅमस या मेंदूतील टप्प्यांमार्गे कानशिलाच्या आतील बाजूस असलेल्या श्रवणकेंद्रात पोहोचतो. गाळलेल्या जागा संदर्भाने भरणे हे मेंदूचे काम. वयानुसार तेही मंदावते, शिवाय त्यात माणूस थकतो, म्हणून समारंभानंतरची त्यांची मरगळ खरी असते.

एका यंत्राचा प्रश्न याच मार्गाशी निगडित आहे. मस्तिष्कस्तंभातच दोन्ही कानांचे संदेश प्रथम एकत्र येतात आणि ध्वनी एका कानात दुसऱ्याआधी किती लवकर पोहोचला, हा सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असलेला फरक तेथे मोजला जातो. गर्दीतून एका माणसाचे बोलणे वेगळे काढण्यास मेंदूला याच तुलनेची मदत होते. म्हणून दोन्ही कान उणे असतील, तर परवडत असल्यास यंत्रे दोन्ही कानांना लावावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून मळ तपासून घ्यावा आणि श्रवणचाचणीत शब्द ओळखण्याची चाचणीही करून घ्यावी. यंत्र लावल्यावर मेंदूला नव्या आवाजांची सवय व्हायला काही आठवडे लागतात. तोवर ते कपाटात जाऊ देऊ नये. एखादा कान अचानक ऐकेनासा झाला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

घरी त्यांना आधी हाक मारून, चेहरा दिसेल असे समोर बसून, नेहमीच्याच आवाजात पण थोडे सावकाश बोलावे. लग्नाच्या मांडवात त्यांची खुर्ची लाऊडस्पीकरपासून दूर, एका कडेला ठेवावी आणि एका वेळी एकानेच त्यांच्याशी बोलावे.