वडिलोपार्जित घर विकून दुबईत फ्लॅट घेतला, तर भांडवली नफ्यावरील कर पुढे ढकलता येतो का?

बडोद्यातील वडिलांचे घर विकून येणारी रक्कम दुबईतील बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात गुंतवली, तर अमेरिकेतील ‘1031 एक्स्चेंज’प्रमाणे कर पुढे ढकलता येईल का आणि प्रकल्प कोणता निवडावा, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्वच्छ ‘नाही’ असे आहे, आणि ते मी जरा विस्ताराने देणार आहे, कारण हाच वाद आमच्या घरात वर्षभर चालला होता.

1031 हे अमेरिकी करकायद्यातील कलम आहे. तेथे गुंतवणुकीची स्थावर मालमत्ता विकून तशीच दुसरी घेतली, तर नफ्यावरील कर लांबणीवर पडतो. मात्र विक्रीनंतर 45 दिवसांत नवी मालमत्ता लेखी निश्चित करावी लागते, 180 दिवसांत व्यवहार पूर्ण करावा लागतो, आणि मधल्या काळात विक्रीचा पैसा विकणाऱ्याच्या हाती येता कामा नये, तो अधिकृत मध्यस्थाकडेच राहतो. शिवाय अमेरिकेतील मालमत्ता देऊन अमेरिकेबाहेरची घेतली, तर त्या दोन्ही एकाच जातीच्या मानल्या जात नाहीत, म्हणजे खुद्द अमेरिकेतही ही सोय दुबईपर्यंत पोहोचत नाही. आपल्या आयकर कायद्यात तर मालमत्तेची अदलाबदल हेच हस्तांतरण धरले आहे, त्यामुळे अदलाबदलीवरही कर लागतो. आपल्याकडे जी सवलत आहे ती (1961च्या कायद्यातील क्रमांकाने) कलम 54ची: राहते घर विकल्यावर ठरलेल्या मुदतीत दुसरे घर घेतले, तर नफ्यावर सूट मिळते. परंतु 2014च्या वित्त कायद्याने करनिर्धारण वर्ष (आधीच्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नाचा कर ज्या वर्षी ठरतो ते) 2015-16पासून ते घर भारतातच असले पाहिजे अशी अट घातली, आणि तिथेच घोडे पेंड खाते.

माझ्या सासऱ्यांचा बडोद्याच्या दांडिया बाजारातील वाडा 2024च्या सुरुवातीला विकला गेला. वारस तीन होते: माझी पत्नी, तिची धाकटी बहीण आणि आमचे मेव्हणे. प्रत्येकाच्या हिश्शाचा नफा स्वतंत्र, म्हणून सवलतीचा निर्णयही ज्याचा त्याने घ्यायचा होता. जुन्या घराचा नफा 1 एप्रिल 2001च्या किमतीपासून मोजता येतो; सरकारमान्य मूल्यांकनकार ती किंमत ठरवण्यासाठी माजघरातील सागवानी खांबांना टेप लावत होता आणि त्याच वेळी माझे साडूभाऊ अलकापुरीतील एका हॉटेलात भरलेल्या दुबईच्या घरांच्या प्रदर्शनातून आणलेले गुळगुळीत माहितीपत्रक ओसरीवर पसरून बसले होते. साठ टक्के रक्कम बांधकाम चालू असताना हप्त्यांनी, चाळीस टक्के ताबा मिळताना, अशी ती योजना होती. त्यांचा अमेरिकेत एडिसनला राहणारा मुलगा फोनवरून सगळ्यांना 1031 समजावून सांगत होता. माझी सारी नोकरी बँकेच्या परकीय चलन विभागात गेली असल्यामुळे मी घर भारतातच असण्याची अट वाचून दाखवली. त्यावर साडूभाऊ म्हणाले, “तुम्हा बँकवाल्यांना नियम तेवढे दिसतात, संधी दिसत नाही.” त्यांच्याजवळ एक कात्रणही होते: अमेरिकेत घेतलेल्या घरासाठी गुजरात उच्च न्यायालयाने सवलत मान्य केल्याचे. तो निकाल खराच आहे, पण तो 2014च्या दुरुस्तीपूर्वीच्या करनिर्धारण वर्षाविषयीचा आहे. साडूभाऊंनी लाल पेन्सिलीने जवळजवळ सगळे कात्रण अधोरेखित केले होते, करनिर्धारण वर्षाची ओळ तेवढी कोरी सोडली होती.

पुढचे थोडक्यात सांगतो. पैसे पाठवताना सात लाखांवरील रकमेवर बँकेने 20 टक्के टी.सी.एस. (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर) कापून घेतला, तेव्हा साडूभाऊंनी काउंटरवर मलाच फोन लावला. (ही मर्यादा आता दहा लाख आहे, म्हणजे साठ लाख पाठवणाऱ्याचे दहा लाख आधी अडकतात, आणि ते विवरणपत्रात वळते करून मिळतात.) नेहमीच्या सी.ए.ने दुबईच्या फ्लॅटवर कलम 54ची सवलत दाखवण्यास नकार दिला, म्हणून त्यांनी दुसरा सल्लागार गाठला. त्याने ती दाखवली, आयकर खात्याकडून पत्र आले, आणि शेवटी कर व्याजासह भरावा लागला. माझ्या पत्नीने आपल्या हिश्शातून बडोद्यातच गोत्रीला फ्लॅट घेतला आणि तिचा नफा पूर्णपणे सुटला. तरीही आजतागायत आमच्याकडच्या कोणत्याही लग्नात साडूभाऊ मला ‘नियमवाले’ म्हणूनच हाक मारतात.

आपल्याला दुबईच घ्यायची असेल, तर आधी येथील कर भरून मोकळे व्हा, असे माझे स्पष्ट मत आहे. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात आणि घरातील माणसांच्या मर्यादा एकत्र करता येतात. परंतु ही मर्यादा दगडावरची रेघ नाही. ऑगस्ट 2013मध्ये रुपया घसरत असताना ती दोन लाखांवरून एका फटक्यात 75 हजार डॉलरवर आणली गेली आणि परदेशी घरखरेदीला या योजनेतून वगळले गेले. अर्धे हप्ते भरलेले ग्राहक तेव्हा माझ्या टेबलासमोर करारपत्र उघडून, पुढचा हप्ता आता पाठवायचा कसा, असे विचारत बसत. वर्षभराने घरखरेदी पुन्हा खुली झाली, पण विकसकाचे हप्ते तोवर थांबणारे नव्हते. लांबलचक हप्त्यांच्या योजनेला माझा विरोध आहे तो यासाठी.

न्यायाने एवढे मान्य केले पाहिजे की साडूभाऊंच्या फ्लॅटची किंमत वाढली आहे, आणि ते मला आवर्जून ऐकवतात. पण भाव वाढणे वेगळे आणि कर वाचणे वेगळे. दुबईत भाड्यावर व्यक्तिगत आयकर नसला, तरी निवासी भारतीयाला ते उत्पन्न येथे दाखवून कर भरावा लागतो. तसेच विवरणपत्रातील परकीय मालमत्तेच्या तक्त्यात फ्लॅटची नोंद राहून गेली, तर 2015च्या काळ्या पैशाविषयीच्या कायद्याखाली दहा लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. आपण अनिवासी असाल, तर पैसे बाहेर नेण्याचे नियम वेगळे आहेत, मात्र घर भारतात असण्याची अट आपल्यालाही आहे. नवा आयकर कायदा 1 एप्रिल 2026पासून लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात, हेही सी.ए.शी बोलताना ध्यानात ठेवावे.

प्रकल्पाचे नाव मी सुचवणार नाही. दुबईत 2007च्या कायद्याने खरेदीदारांचे पैसे प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यातच (त्या प्रकल्पासाठीच राखून ठेवलेल्या खात्यात) जमा व्हावे लागतात, तेव्हा प्रदर्शनातील विक्रेता तरुण ज्या खात्यात रक्कम भरायला सांगेल, ते नेमके त्याच प्रकल्पाचे एस्क्रो खाते आहे का, हे तेथील भूमी विभागाकडून पडताळून घ्या, आणि नोंदणीचे चार टक्के शुल्क हिशेबात आधीच धरा. येथे मात्र विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत भारतात दुसरे घर ठरले नाही, तर न वापरलेली रक्कम बँकेतील भांडवली नफा खाते योजनेत टाका. साध्या मुदत ठेवीत ठेवलेली रक्कम सवलतीसाठी धरली जात नाही.