तेरा प्रश्न, त्यांतले नऊ उलटे

प्रश्न : आत्मसंयम मोजणारी टँगनी, बाउमायस्टर आणि बून यांची १३ प्रश्नांची प्रश्नावली (२००४) मराठीत करून पदवीच्या ७० मुलांकडून भरून घेतली. क्रॉनबाखचा अल्फा (सगळे प्रश्न एकमेकांशी कितपत जुळतात ते सांगणारा आकडा) जेमतेम ०.३१ आला. भाषांतर फसलं का?
– एक प्राध्यापिका, डिचोली

उत्तर : भाषांतराकडे नंतर वळू, आधी एक्सेलची फाइल उघडा. १, ६, ८ आणि ११ हे चारच प्रश्न सुलटे आहेत, म्हणजे त्यांत जास्त गुण म्हणजे जास्त संयम. उरलेल्या नवांत नेमकं उलट, म्हणून त्यांचे १ ते ५ मधले गुण ६ मधून वजा करून मग बेरीज करायची. ती १३ ते ६५ मध्ये बसते. हे राहून गेलं की अल्फा असाच कोसळतो. सगळीकडे डोळे मिटून ४ वर खूण करणाऱ्या मुलाची बेरीज उलटवण्याआधी ५२ भरते, उलटवल्यावर ३४. असे कागद बाजूला काढा.

आणखी एक खोड. रिकामा रकाना एक्सेल शून्य धरतं, म्हणून ६ मधून वजा केल्यावर तिथे चक्क ६ येतात. पाचाच्या मापात ६ दिसला की समजा, तिथे उत्तरच नव्हतं.

आता भाषांतर. आठव्या प्रश्नातली ‘लोखंडी शिस्त’ शब्दशः आणली, तर मुलांना एनसीसीची परेड आठवते. ‘लोकांच्या मते मी स्वतःच्या बाबतीत फार कडक आहे’ हे बरं. बाराव्यात ‘थांबवता येत नाही’ लिहिलंत आणि पर्याय ‘अजिबात लागू नाही’ असला, की दोन नकारांत मूल अडकतं. ‘चूक आहे हे कळूनही कधी कधी हातून होऊनच जातं’ असं लिहा. मग आठ-दहा मुलांना प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचून त्याचा अर्थ घरच्या कोंकणीत सांगायला लावा. जिथे अडखळतील, ते वाक्य बदला. मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या कुणाकडून उलट इंग्रजी भाषांतरही करून घ्या.

रोल नंबर मात्र मागू नका. मुलं बाईंना आवडेल ते लिहितात. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा भरून घ्यायची तर आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि मोबाइलचे शेवटचे दोन आकडे एवढी खूण पुरते. दोन्ही खेपा चवथीच्या सुट्टीच्या एकाच बाजूला ठेवा.

प्रश्न : प्रश्नावलीऐवजी संगणकावरची स्ट्रूप चाचणी चालेल?
– एक विद्यार्थी, फोंडा

उत्तर : ऐवजी नको, जोडीला घ्या. या चाचणीत लिहिलेलं रंगाचं नाव न वाचता शाईचा रंग सांगायचा असतो. दोन्ही जुळले नाहीत की बहुतेक सगळेच मंदावतात, त्यामुळे माणसामाणसांतला फरक तीत पुसट उमटतो. प्रश्नावलीशी तिचा मेळही कमीच बसतो. दोन्हींचे गुण एकत्र मिळवू नका.