अनोळखी जाणकारांकडून नेमका सल्ला मिळावा म्हणून कसं विचारावं?

'लिंबाची पानं पिवळी पडताहेत, काय करू?' एवढंच विचारलंत तर प्रत्येक जण वेगळं खत सांगणारच. त्यांना झाड दिसत नसतं. पिवळी पडताहेत ती शेंड्याची कोवळी पानं की खालची जुनी, हे आधी सांगा. कोवळं पान पिवळं पण शिरा हिरव्या, तर बहुधा लोह कमी पडतंय. जुनी पानं सरसकट पिवळी होत असतील तर नत्र (नायट्रोजन) कमी पडत असल्याची शंका येते. एवढ्या एका तपशिलाने निम्मे अंदाज गळून पडतात! पानाच्या मागच्या बाजूचाही फोटो द्या, कीड बरेचदा तिथेच असते. कुंडी की जमीन, पाणी किती, आधी काय घातलंत तेही लिहा. आणि गुण आला की नाही ते नंतर नक्की कळवा, सांगणारा वाट बघत असतो.